घास अडकतो, पण एंडोस्कोपी ‘नॉर्मल’

घास अडकतो म्हणून डॉक्टरकडे गेलं की आपल्याकडे उत्तर जवळपास ठरलेलं असतं: पित्त. नाहीतर टेन्शन. त्यातून तक्रार तरुण बाईची असेल, तर टेन्शनचा नंबर आधी लागतो. पित्ताच्या गोळ्यांवर काही महिने निघतात, मग कधीतरी एंडोस्कोपी होते, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरचेही म्हणायला लागतात, काही झालेलं नाही, डोक्यातून काढून टाक. ॲकॅलेशिया नावाच्या आजारात हे असं वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. आजार विरळा आहे, लाख लोकांत वर्षाला साधारण एखादा नवा रुग्ण. त्यामुळे तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

घास वजनाने खाली पडतो असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. तिच्या आकुंचनाची लाट वरून खाली सरकत घासाला आठ-दहा सेकंदांत जठरापर्यंत ढकलते. खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं. ते एरवी आवळलेलं असतं आणि गिळताना सैल पडतं. सैल पडण्याचा निरोप नळीच्या भिंतीतल्या चेतापेशी देतात, नायट्रिक ऑक्साइड सोडून. ॲकॅलेशियात नेमक्या या पेशी मरतात. बहुतेक रुग्णांत संशय शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीवर आहे. दक्षिण अमेरिकेत चागास रोगाचा परजीवी हेच काम करतो. परिणाम एकच: लाट बंद आणि दारही बंद.

मग एंडोस्कोपीत ते दिसत कसं नाही? कॅमेऱ्याला जखम दिसते, गाठ दिसते, नळी अरुंद झालेली दिसते. इथे बिघाड आहे तो हालचालीत. बंद पडलेल्या लिफ्टचा फोटो काढला तर ती बंद आहे हे फोटोवरून कसं कळणार? सुरुवातीच्या काळात दुर्बीण थोड्या दाबाने कड्यातून पलीकडे जाते आणि सगळं ठीक वाटतं. तरीही ही तपासणी टाळायची नाही, कारण जठराच्या तोंडाशी झालेला कर्करोग हुबेहूब असंच चित्र उभं करू शकतो. उतारवय, थोड्याच महिन्यांचा त्रास आणि झपाट्याने घटलेलं वजन असेल, तर हा संशय आधी फेडून घ्यावा लागतो.

निदानाची खरी किल्ली रुग्णाच्या सांगण्यात असते, फक्त ते नेमकं विचारावं लागतं. आधी भाकरी अडकायची, मग मऊ भात, आता पेजही, असा क्रम असेल तर नळी अरुंद होत चालल्याचा संशय येतो. ॲकॅलेशियात बऱ्याचदा पहिल्यापासून भाकरीही अडकते आणि पाणीही. जेवलेलं तासाभराने जसंच्या तसं वर येतं, आणि ते आंबट नसतं, कारण ते जठरापर्यंत पोचलेलंच नसतं. रात्री आडवं झालं की ठसका लागतो, सकाळी उशीवर डाग दिसतात. लोक आपापल्या युक्त्याही शोधून काढतात: उभं राहून पाणी पिणं, छाती पुढे काढून घास उतरवणं. छातीतली जळजळही असते, आणि तीच सगळ्यांना चकवते. साचलेलं अन्न नळीतच आंबतं, म्हणून जळजळतं. पित्ताच्या गोळीने ते थांबत नाही.

पुढची पायरी बेरियमची. खडूच्या पाण्यासारखं पांढरं द्रव उभ्यानेच प्यायचं आणि १, २ आणि ५ मिनिटांनी एक्स-रे काढायचे. वर फुगलेली नळी आणि खाली चोचीसारखं निमुळतं टोक दिसलं की दिशा मिळते.

शिक्कामोर्तब मात्र मॅनोमेट्रीचं, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीचं. नाकातून साधारण चार मिलिमीटर जाडीची नळी जठरापर्यंत सरकवतात. भूल नसते, कारण रुग्णाने गिळायला हवं. नळी घशातून उतरताना उमासे येतात, डोळ्यांतून पाणी येतं. ते क्षण वाईटच. मग आडवं झोपवून ५ मिलिलिटर पाण्याचे दहा घोट देतात. पडद्यावर दाब रंगांत उमटतो: कमी दाब निळा, जास्त दाब लाल. निरोगी माणसाच्या प्रत्येक घोटाला एक तिरका पट्टा वरून खाली उतरतो आणि खालचा आडवा पट्टा, म्हणजे कड्याचा दाब, तेवढ्यापुरता फिका पडतो. ॲकॅलेशियात तिरका पट्टा नसतो आणि खालचा फिका पडत नाही. याच आलेखावरून आजाराचे तीन प्रकार ठरतात. ही चौकशी उगाच नसते, कारण उपचाराला दुसरा प्रकार सर्वांत चांगली दाद देतो, तर पेटके येणाऱ्या तिसऱ्या प्रकारात स्नायू अधिक लांबवर कापावा लागतो. मॅनोमेट्रीची सोय सगळीकडे नाही, मोठ्या शहरातल्या पोटविकार विभागात विचारावं लागतं.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे सगळे उपचार त्या आवळलेल्या कड्यावरच. फुग्याने ते ताणतात, किंवा कापतात. कापण्याची शस्त्रक्रिया जर्मनीच्या अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये पहिल्यांदा केली. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडावाटे दुर्बिणीनेच स्नायू कापायला सुरुवात केली. ‘पोएम’ म्हणतात ते हेच, आणि ते आता भारतातही होतं. घास त्यानंतर बहुतेकांचा उतरतो, पण लाटेविना, स्वतःच्या वजनाने. म्हणून बसूनच जेवायचं, वर पाणी प्यायचं, आणि जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. सैल केलेल्या कड्यातून जठरातलं आम्लही वर येऊ लागतं, पोएमनंतर जरा जास्तच. त्यासाठी अनेकांना पुन्हा तीच पित्ताची गोळी घ्यावी लागते, आणि या खेपेला ती लागू पडते.