ब्रेन एमआरआय सेगमेंटेशन : गडबड शोधणं आणि हाताने केलेले एडिट टिकवणं

मेंदूच्या टी१ स्कॅनमधला (एमआरआयचा एक प्रकार) प्रत्येक व्हॉक्सेल (चित्राचा छोटा घन ठोकळा) कशाचा आहे, ग्रे मॅटरचा (करडा भाग) की व्हाइट मॅटरचा (पांढरा भाग), हिप्पोकॅम्पसचा (आठवणींशी जोडलेला भाग) की व्हेंट्रिकलचा (द्रवाने भरलेली पोकळी), हे सॉफ्टवेअरकडून ठरवून घेणं म्हणजे सेगमेंटेशन. या कामासाठी खूप वापरलं जाणारं एक फुकट सॉफ्टवेअर म्हणजे फ्रीसर्फर, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमध्ये ते बनतं. अँडर्स डेल आणि ब्रूस फिशल यांचे सरफेसवरचे (मेंदूच्या पृष्ठभागाची आखणी) मूळ पेपर १९९९ चे आणि आतल्या भागांना लेबल लावायची पद्धत २००२ ची. पुढचं सगळं त्याच्याच हिशोबाने लिहिलंय.

रिकॉन-ऑल ही एकच कमांड दिली की कित्येक तास काम चालतं. आधी स्कॅन १ मिमी व्हॉक्सेलच्या २५६ × २५६ × २५६ घनात बसतो, मग तालैराख रजिस्ट्रेशन (स्कॅन मेंदूच्या एका ठरलेल्या नकाशाशी जुळवणं), उजेड-अंधार सारखा करणं, कवटी काढणं, आतल्या भागांची लेबलं, व्हाइट मॅटर वेगळं करणं, आणि शेवटी व्हाइट (व्हाइट मॅटरची कड) व पायल (ग्रे मॅटरची बाहेरची कड) सरफेस. प्रत्येक पायरी मागच्या पायरीची फाइल उचलते, म्हणून चूक दिसते एकीकडे आणि झालेली असते भलतीकडेच, आणि ट्रबलशूटिंगचं निम्मं काम म्हणजे ती पहिल्यांदा कुठल्या फाइलमध्ये आली ते मागे मागे जाऊन शोधणं. टेम्पोरल लोबच्या (मेंदूचा कानाजवळचा भाग) टोकाला सरफेस आत ओढलेला दिसला तर लोक लगेच पायल बघत बसतात, पण बऱ्याचदा तिथला व्हाइट मॅटरच फिका पडलेला असतो.

रन मधेच बंद पडला तर आधी स्क्रिप्ट्स फोल्डरमधला रिकॉन-ऑलचा लॉग (कामाची नोंद) शेवटून वर वाचायचा. वीज गेली किंवा प्रोसेस मारली तर इझरनिंग नावाची फाइल मागे राहते आणि पुढचा रन सुरूच होत नाही, आपला दुसरा रन खरंच चालू नाही ना एवढं बघून ती काढून टाकायची. तालैराख चेक फेल झाला तर तो चेकच बंद करायचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) आहे, पण आधी रजिस्ट्रेशन डोळ्यांनी बघा, वाकडं असेल तर हाताने सरळ करा, कारण पुढच्या काही पायऱ्या त्याच्यावर अवलंबून असतात.

हाताने करायचे एडिट मुख्यतः चार प्रकारचे. ब्रेनमास्कमध्ये (कवटी काढल्यावर उरलेल्या मेंदूची फाइल) ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) किंवा कवटीचा तुकडा राहिला असेल तर तो खोडायचा. व्हाइट मॅटरच्या फाइलमध्ये भोक पडलं असेल तर भरायचं, जास्तीचं असेल तर पुसायचं. नक्की व्हाइट मॅटर आहे पण इंटेन्सिटी (उजळपणा) व्हाइट मॅटरला अपेक्षित ११० च्या खाली गेलीये अशा जागी कंट्रोल पॉइंट (इथे व्हाइट मॅटरच आहे असं सांगणाऱ्या खुणा) ठेवायचे, ग्रे मॅटरवर किंवा अगदी काठावर अजिबात नाही, नाहीतर आख्खा सरफेस फुगतो. आणि आतल्या भागांची लेबलं चुकली तर एसेग प्रीसर्फ ही फाइल सुधारायची, नुसत्या एसेगला हात लावून उपयोग नाही कारण ती शेवटी शेवटी नव्याने बनते आणि मेहनत पुसली जाते.

आता एडिट टिकतात कसे, तर सॉफ्टवेअर ते ओळखतं म्हणून. व्हाइट मॅटर फाइलमध्ये भरलेला व्हॉक्सेल २५५ होतो आणि पुसलेला १ होतो, ० नाही, आणि पुढच्या रनला या दोन आकड्यांवरूनच कळतं की इथे माणसाचा हात लागलाय. ब्रेनमास्कमध्येही पुसलेली जागा १ च असते. म्हणूनच फ्रीव्ह्यूमध्ये (फ्रीसर्फरचं स्कॅन बघायचं आणि सुधारायचं साधन) रिकॉन एडिटिंग चालू ठेवूनच खोडायचं. लेबलांचं थोडं वेगळं आहे, तिथे एसेग प्रीसर्फची एसेग ऑटो या मूळ फाइलशी तुलना होते आणि फरक मॅनएडिट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये साठवला जातो. कंट्रोल पॉइंट टेंप फोल्डरमधल्या कंट्रोल डॉट डॅटमध्ये असतात, आणि टेंप नाव बघून जागा मोकळी करायला तो फोल्डर उडवला की सगळे गेले!

एडिटनंतर रन कुठून सुरू करायचा हेही ठरलेलं आहे. फक्त पायलसाठी ब्रेनमास्क खोडला असेल तर ऑटोरिकॉन-पायल, कंट्रोल पॉइंटनंतर ऑटोरिकॉन२-सीपी, व्हाइट मॅटरनंतर ऑटोरिकॉन२-डब्ल्यूएम, लेबलांनंतर ऑटोरिकॉन२-नोएसेग, आणि या शेवटच्या तिघांनंतर ऑटोरिकॉन३. क्लीनने सुरू होणारे फ्लॅग मात्र एडिट मुद्दाम फेकून देण्यासाठीच आहेत, कुठूनतरी कॉपी केलेल्या स्क्रिप्टमध्ये असा एखादा लपलेला असला तर आठवड्याचं काम एका रात्रीत जातं, त्यामुळे आख्ख्या सब्जेक्ट (ज्याचा स्कॅन आहे तो माणूस) फोल्डरची कॉपी आधीच घेऊन ठेवलेली बरी.

एकाच अभ्यासात मधेच व्हर्जन बदलू नये. २०१२ च्या एका पेपरात व्हर्जन आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी मोजलेली मेंदूच्या थराची जाडी आणि आकारमान बदलतं असं दाखवलं होतं, म्हणजे जुने एडिट नव्या व्हर्जनमध्ये नेले तर सगळ्याच सब्जेक्टचे न्यायचे आणि सगळेच परत चालवायचे. एकाच माणसाचे अनेक स्कॅन असतील तर क्रॉस (प्रत्येक स्कॅन वेगळा), बेस (सगळ्यांचा मिळून एक साचा) आणि लाँग (त्या साच्यावरून प्रत्येक स्कॅन पुन्हा) असे तीन टप्पे असतात, तिथे क्रॉसमध्ये काही बदललं की बेस आणि मग सगळे लाँग परत करावे लागतात.