डॅक बदलावा की ॲम्प्लिफायर?

डॅक, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर, आणि हेडफोन ॲम्प्लिफायर ही दोन वेगवेगळी सर्किटे आज बहुतेक वेळा एकाच डबीत बसवलेली मिळतात, आणि त्यामुळे कोणत्या सर्किटमुळे काय ऐकू येते याबाबत हमखास गल्लत होते. लॅपटॉपला जोडलेली डबी बदलली आणि आवाज भरदार झाला, की त्याचे श्रेय डॅकला दिले जाते, कारण खोक्यावर ठळक अक्षरात नाव छापलेले असते ते डॅकच्या चिपचे. ॲम्प्लिफायरबद्दलचे आकडे माहितीपत्रकाच्या तळाशी कुठेतरी असतात. माझे मत असे आहे की, आपल्याला अधिक चांगला डॅक हवा आहे असे ज्यांना वाटते त्यांतल्या बऱ्याच जणांना खरी गरज असते ती ॲम्प्लिफायरची, आणि काहींना तर दोहोंपैकी कशाचीच नसते.

डॅकचे काम आकड्यांपासून विद्युतदाब तयार करण्याचे आहे. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा १६ बिटांचा असतो. डॅक हे आकडे क्रमाने घेतो, त्या सर्वांमधून जाणारा एकच सलग तरंग उभा करतो आणि तो लाइन-आउटच्या पातळीवर, म्हणजे आरसीए सॉकेटवर साधारण २ व्होल्टपर्यंत, बाहेर देतो. जाहिरातींमध्ये हा तरंग पायऱ्यापायऱ्यांचा दाखवतात आणि महागड्या डॅकमध्ये त्या पायऱ्या बारीक होत जातात असे सुचवतात, पण डॅकमधल्या फिल्टरमधून बाहेर पडलेल्या तरंगात पायऱ्या नसतातच. नमुने घेण्याच्या दराच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे सीडीच्या बाबतीत २२.०५ किलोहर्ट्झपेक्षा, कमी वारंवारतेचे जे काही ध्वनिमुद्रणात आहे ते त्या आकड्यांतून पूर्णपणे परत उभे करता येते.

ॲम्प्लिफायरला आकड्यांशी काही देणेघेणे नसते. त्याच्याकडे तयार तरंग येतो आणि तो आकार न बिघडवता पुढे पाठवायचा असतो, मात्र लागेल तितका विद्युतदाब आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लागेल तितका विद्युतप्रवाह देऊन. लाइन-आउट ज्या उपकरणाला जोडायचा असतो त्याचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, हजारो ओहमचा असतो. १०,००० ओहमच्या इनपुटला २ व्होल्ट देताना जेमतेम ०.२ मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो. तेच २ व्होल्ट ३२ ओहमच्या हेडफोनला द्यायचे झाल्यास ६२.५ मिलिॲम्पिअर लागतात, म्हणजे तीनशे पटींहून जास्त. डॅकचे लाइन-आउट इतका प्रवाह देण्यासाठी बनवलेलेच नसते, आणि म्हणूनच डॅक कितीही उत्तम असला तरी हेडफोन हलवण्याचे काम त्याच्या हातचे नाही.

डॅकमधील फरक एके काळी खरोखर मोठे होते. ऑक्टोबर १९८२ मध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. फिलिप्सच्या पहिल्या प्लेअरमध्ये तर १४ बिटांची चिप होती, आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंगची, म्हणजे मधले आकडे गणिताने काढून आकड्यांचा दर चौपट करण्याची, युक्ती वापरून तिच्याकडून १६ बिटांच्या जवळपासचे काम करून घेतले जात होते. त्या काळातील श्रोते एका प्लेअरच्या आवाजाची दुसऱ्याशी तुलना करत, त्याला आधार होता. आज परिस्थिती वेगळी आहे. १६ बिटांच्या ध्वनिमुद्रणाची सैद्धांतिक व्याप्ती, म्हणजे सर्वांत मोठ्या आवाजापासून गोंगाटापर्यंतचे अंतर, सुमारे ९६ डेसिबल असते, २४ बिटांची सुमारे १४४; कोणत्याही प्रत्यक्ष सर्किटमध्ये तापमानामुळे निर्माण होणारा नैसर्गिक गोंगाट असतोच, त्यामुळे १४४ चा आकडा कोणीही पूर्णपणे गाठत नाही, पण १६ बिटांची गरज सहज पुरी करणारे डॅक आता बोटाएवढ्या ॲडॅप्टरमध्येही असतात. दोन बऱ्या डॅकमधील विरूपणाचा, म्हणजे तरंगाचा आकार बिघडण्याचा, फरक बहुधा अशा पातळीवर असतो की मोजणीच्या यंत्राला तो स्पष्ट दिसतो आणि कानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

ॲम्प्लिफायरच्या बाबतीत असे म्हणता येत नाही, आणि हे एका गणिताने चांगले समजते. सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचा हेडफोन १ व्होल्टला १०३ डेसिबल आवाज देतो. फोनला लावायच्या साध्या ॲडॅप्टरमधून जास्तीत जास्त सुमारे १ व्होल्ट मिळतो असे धरले, तर संगीतातील सर्वांत मोठा क्षण १०३ डेसिबलच्या वर जाऊच शकत नाही. घट्ट आवळून, म्हणजे मोठ्या-लहान आवाजांतले अंतर कमी करून, मास्टर केलेल्या आजच्या लोकप्रिय गाण्यांना ते भरपूर झाले. पण वाद्यवृंदाच्या किंवा सावकाश उलगडणाऱ्या शास्त्रीय गायनाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी शिखरापेक्षा २० डेसिबल किंवा त्याहूनही खाली असू शकते. तेव्हा आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवूनही सरासरी ८३ डेसिबलच्या आसपासच राहते आणि हाताशी काहीच शिल्लक उरत नाही. शिखरांसाठी ११५ डेसिबलपर्यंत जागा ठेवायची तर ४ व्होल्ट लागतील, आणि शक्तीच्या भाषेत सांगायचे तर सुमारे ५३ मिलिवॅट. ही पातळी क्षणिक शिखरांसाठी आहे. इतक्या आवाजात सतत ऐकणे कानांसाठी घातक आहे, हे वेगळे सांगायला नको.

एचडी ६५० ला मुख्यतः विद्युतदाब हवा असतो. प्लेनर मॅग्नेटिक, म्हणजे चुंबकांजवळ ताणलेला सपाट पातळ पडदा हलवणाऱ्या, प्रकारातील काही हेडफोन प्रवाहाच्या बाबतीत अधिक हट्टी असतात. हायफायमॅनचा एचई-६ हा ५० ओहमचा हेडफोन १ मिलिवॅटला फक्त ८३.५ डेसिबल देतो, म्हणजे ११० डेसिबलची शिखरे गाठण्यासाठी त्याला सुमारे ४५० मिलिवॅट लागतात: अंदाजे ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिॲम्पिअर. अशा हेडफोनच्या मालकाने खर्ज सैल वाटतो म्हणून डॅकमागून डॅक बदलत जाणे हा पैशाचा निव्वळ अपव्यय होय, कारण त्याचा ॲम्प्लिफायर शिखरावर पोहोचण्याआधीच दमतो आहे.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे अतिसंवेदनशील इन-इअर इअरफोन. तिथे ताकदीचा प्रश्न नसतो. प्रश्न असतो तो ॲम्प्लिफायरच्या आउटपुट इम्पीडन्सचा, म्हणजे त्याच्या स्वतःच्या आतल्या विरोधाचा. समजा, हा इम्पीडन्स १० ओहम आहे, आणि इअरफोनचा स्वतःचा इम्पीडन्स एका वारंवारतेला ४० ओहम व दुसरीला १० ओहम आहे. बॅलन्स्ड आर्मेचर, म्हणजे चुंबकांमध्ये हलणारी सूक्ष्म पट्टी वापरणाऱ्या, अनेक इअरफोनमध्ये असा चढउतार खरोखर असतो. पहिल्या ठिकाणी विद्युतदाबाचा चार पंचमांश भाग इअरफोनपर्यंत पोहोचतो, दुसऱ्या ठिकाणी निम्माच. याचा अर्थ, त्या दोन वारंवारतांमध्ये मूळ ध्वनिमुद्रणात नसलेला सुमारे ४ डेसिबलचा फरक तयार होतो, आणि तो कोणालाही सहज ऐकू येतो: कुठे आवाज बोजड होतो, कुठे तारसप्तक मावळते. म्हणूनच आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून जास्त नसावा असा ठोकताळा रूढ झाला आहे, आणि अशा इअरफोनसाठी तो १ ओहमच्या आत असलेला बरा. संथ आलापाच्या मागे ऐकू येणारी सूक्ष्म सरसरही बहुधा ॲम्प्लिफायरच्या गेनमुळे, म्हणजे तो तरंग किती पट मोठा करतो त्यामुळे, येते. गेनचा खटका खालच्या स्थानावर आणला की ती अनेकदा लगेच कमी होते, आणि त्यासाठी नवे काही विकत घ्यावे लागत नाही.

मग डॅक बदलल्यावर आवाज सुधारल्याचे इतके लोक प्रामाणिकपणे सांगतात, ते कसे? बऱ्याच वेळा फरक असतो तो निव्वळ पातळीचा. एक डॅक २ व्होल्ट देतो आणि दुसरा २.५ व्होल्ट, तर दुसरा जवळजवळ २ डेसिबलने मोठा वाजतो. एवढा फरक आवाज मोठा झाला म्हणून जाणवत नाही, तो जाणवतो खुलेपणा, तपशील, भरीवपणा म्हणून. आरसीएऐवजी एक्सएलआरची बॅलन्स्ड जोडणी, म्हणजे एकच तरंग दोन तारांतून सरळ आणि उलटा पाठवणारी जोडणी, वापरली की पातळी बहुधा दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने वर जाते, आणि बॅलन्स्डचा आवाज श्रेष्ठ असतो ही समजूत मोठ्या प्रमाणात इथूनच जन्माला येते. प्रामाणिक तुलना करायची असेल तर १०० हर्ट्झच्या आसपासचा एक सूर वाजवून मल्टिमीटरने दोन्ही आउटपुट मोजावेत आणि ते ०.१ डेसिबलच्या, म्हणजे विद्युतदाबाच्या सुमारे एक टक्क्याच्या, आत जुळवावेत. फार वरचा सूर घेऊ नये, कारण साधे मल्टिमीटर तिथे चुकीचे आकडे दाखवतात. त्यानंतर कोणता डॅक चालू आहे हे न कळता, दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगून ऐकावे. एवढे केल्यावर उरणारा फरक पाहून पुष्कळांचा खरेदीचा उत्साह ओसरतो.

याचा अर्थ डॅक कधीच बदलू नये असा नाही. संगणकाला जोडलेल्या साखळीत माउस हलवताच किंवा पडद्यावरचे पान सरकवताच चिरचिर ऐकू येत असेल, तर तो गोंगाट यूएसबीच्या ग्राउंडमधून येतो आहे, आणि ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक हा त्यावरचा सरळ उपाय आहे. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेल्या टॉसलिंकच्या तारेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे संगणकाचे ग्राउंड पलीकडे पोहोचूच शकत नाही. दूरचित्रवाणी, संगणक आणि सीडी ट्रान्सपोर्ट (फक्त डिजिटल आकडे बाहेर देणारा सीडी प्लेअर) हे सारे एकाच ठिकाणी जोडायचे असेल, दुरून आवाज कमीजास्त करायचा असेल, किंवा जुन्या उपकरणात हवे ते इनपुटच नसेल, तर तीही पुरेशी कारणे आहेत. त्यांत जादू काही नाही, पण रोजच्या वापरात तीच जाणवतात.

आर-टू-आर (रोधांच्या साखळीतून विद्युतदाब तयार करणारी) आणि डेल्टा-सिग्मा (थोड्या बिटांचे अतिजलद स्पंद गाळून तो तयार करणारी) या डॅकच्या दोन रचनांपैकी श्रेष्ठ कोणती या वादाबद्दल मात्र थोडक्यात सांगितलेले पुरे. दोन्ही रचनांचे निर्दोष वाजणारे डॅक मिळतात. ओव्हरसॅम्पलिंग न करणाऱ्या काही डॅकच्या आवाजाला मऊ आणि ॲनालॉगसारखा म्हटले जाते, त्यामागे एक मोजता येणारे कारण आहे: सीडीच्या दरावर असा डॅक, भरपाईचा फिल्टर नसल्यास, २० किलोहर्ट्झला सुमारे ३.२ डेसिबलची घट आणतो. ज्यांना हा सौम्यपणा आवडतो त्यांनी तो खुशाल घ्यावा. इक्वलायझरने तो फुकटात साधता येतो एवढेच लक्षात असू द्यावे. चिपच्या नावालाही फार महत्त्व देऊ नये. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील, डॅकच्या चिपा बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि त्या चिपांचा जगभर तुटवडा पडला, तेव्हा अनेक उत्पादकांना दुसऱ्या कंपनीची चिप घेऊन आपली मॉडेले नव्याने आखावी लागली. चिपनंतरचा ॲनालॉग भाग, वीजपुरवठा आणि एकूण आखणी यांवर बरेच काही अवलंबून असते, आणि एकाच चिपचे दोन डॅक मोजणीत एकमेकांपासून दूर असू शकतात.

स्पीकरवर ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट खरेदीपूर्वी तपासण्यासारखी आहे, आणि ती फार थोड्या विक्रेत्यांकडून सांगितली जाते. होम थिएटरचे रिसीव्हर आणि आतमध्ये डीएसपी, म्हणजे ध्वनीवर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप, असलेले ॲक्टिव्ह स्पीकर (ज्यांच्या आतच ॲम्प्लिफायर असतो) बहुधा ॲनालॉग इनपुटवर आलेला तरंग पुन्हा आकड्यांमध्ये बदलतात, त्यावर आपली प्रक्रिया करतात आणि शेवटी स्वतःच्याच डॅकमधून तो बाहेर काढतात. अशा उपकरणाआधी कितीही नावाजलेला डॅक लावला तरी ऐकू येतो तो आतलाच डॅक, वर एक अनावश्यक रूपांतर पदरात पडते ते वेगळे. रिसीव्हरमध्ये डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट ही सोय असेल आणि ती खरोखर ॲनालॉग मार्ग तसाच ठेवत असेल, तरच बाहेरच्या डॅकचा उपयोग. नाहीतर डिजिटल तारच सरळ रिसीव्हरला किंवा स्पीकरला जोडावी.

आणि जो हाती असलेली एकत्रित डबी डॅक म्हणून ठेवून तिच्यापुढे वेगळा ॲम्प्लिफायर जोडणार आहे, त्याने डबीच्या मागचे लाइन-आउट वापरावे, पुढचे हेडफोनचे भोक नव्हे. फक्त हेडफोनचेच भोक असेल तर डबीचा आवाज वरच्या पातळीवर, पण विरूपण सुरू होईल त्याच्या थोडा खाली, कायमचा ठेवून द्यावा आणि रोजचे कमीजास्त नव्या ॲम्प्लिफायरच्या बटणावर करावे. ते बटण पहिल्या पाव फेरीतच असह्य मोठा आवाज देत असेल, तर मात्र उलट करावे, म्हणजे डबीची पातळी उतरवावी किंवा ॲम्प्लिफायरचा गेन कमी करावा. कारण आवाजाच्या बटणामागच्या बऱ्याच पोटेन्शिओमीटरमध्ये अगदी सुरुवातीच्या भागात डावा आणि उजवा चॅनेल एकमेकांशी जुळत नाहीत, आणि गायकाचा आवाज मधोमध न राहता एका कानाकडे झुकतो.