कॅमेरे बदला, वायर राहू द्या

कापसाचा हंगाम आटोपला की जळगाव, धरणगाव, शिरपूरकडच्या जिनिंग कारखान्यांमध्ये दुरुस्तीची कामं निघतात. हल्ली त्यात जुने सीसीटीव्ही कॅमेरे बदलायचं काम असतंच. रात्री गेटवर आलेल्या ट्रकचा नंबर वाचता येत नाही, ही नेहमीची तक्रार. मग कुणीतरी सांगतं, सगळं वायरिंग उपसून नवं टाका. बहुतेक ठिकाणी त्याची गरज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुनं चित्र अंधूक होतं, त्यात वायरीचा दोष नव्हता. ते टीव्हीच्या जुन्या पाल पद्धतीचं चित्र. डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्र साठवणाऱ्या यंत्रात उतरताना ते जास्तीत जास्त 720 बाय 576, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार ठिपक्यांचं असायचं. त्याला साधारण 6 मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी पुरायच्या. या कॅमेऱ्यांच्या कोॲक्स केबलची (मधे तार आणि भोवती धातूची जाळी असलेल्या वायरीची) ताकद याहून कितीतरी मोठी आहे. केबल टीव्हीवाले याच जातीच्या वायरीतून शेकडो मेगाहर्ट्झच्या लहरी घरोघर पोचवतात. एचडी-टीव्हीआय, एचडी-सीव्हीआय आणि एएचडी या चित्र पाठवायच्या नव्या पद्धतींनी ही पडून असलेली ताकद वापरात आणली. आता त्याच वायरीतून 1920 बाय 1080 चं, जवळपास पाचपट ठिपक्यांचं चित्र येतं. कॅमेरा आणि डीव्हीआर मात्र दोन्ही त्या पद्धतीचे हवेत.

वरच्या लहरी वाटेत लवकर क्षीण होतात. वारंवारता वाढली की विद्युतप्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. 10 मेगाहर्ट्झला तो तांब्याच्या जेमतेम 0.02 मिलिमीटर थरातून वाहतो, म्हणून रोध वाढतो. नवा डीव्हीआर ही घट ओळखून क्षीण झालेल्या लहरी पुन्हा उचलतो. चांगल्या तांब्याच्या केबलवर दोनशे मीटरपर्यंत त्याला अडचण येत नाही.

तो सांभाळू शकत नाही ते खराब जॉइंट. पत्र्याखालचा एखादा टेप सोडवून बघा: नुसती पिळलेली तार, पावसाच्या ओलीने हिरवी पडलेली, जाळीचे दोन-चार केस कसेबसे टेकलेले. केबलभर सारखा राहायला हवा असा 75 ओहमचा गुणधर्म तिथे तुटतो, लहरीचा काही भाग उलटा फिरतो आणि चित्रात सावली उमटते. असा जॉइंट कापून नीट बीएनसी कनेक्टर लावायलाच हवा. माझ्या मते या कामातला निम्मा वेळ इथेच घालवावा.

दुसरी दुखरी जागा वीज. थ्री प्लस वन केबलमध्ये (एक कोॲक्स आणि तीन साध्या तारा एकत्र असलेल्या) पॉवरच्या तारा बारीक असतात. 0.5 चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार धरली, तरी 80 मीटरच्या जाण्यायेण्यात साडेपाच ओहम रोध होतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला की 12 व्होल्टमधले पावणेतीन वाटेतच जातात. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तांब्याचा रोध 20 अंशांच्या मानाने आणखी दहा टक्के वाढतो. तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल तर विचारूच नका. दिवसा ठणठणीत चालणारा कॅमेरा अंधार पडला की बंद-चालू होतो, याचं कारण बहुधा हेच. लांबच्या कॅमेऱ्याजवळ वेगळा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा बसवला की प्रश्न मिटतो.

आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारे कॅमेरेच हवे असतील, तरीही कोॲक्स काढून टाकायची घाई नको. दोन्ही टोकांना कन्व्हर्टर बसवले की नेटवर्कचा डेटाही तिच्यातून जातो. साध्या नेटवर्क केबलला 100 मीटरची मर्यादा असते; त्यामुळे लांबच्या गोदामासाठी जुनी कोॲक्स उलट सोयीची पडते.