मूलपेशी: आधी उपचार, मग शोध

मूलपेशींविषयी, म्हणजे स्वतःसारख्या आणि वेगवेगळ्या प्रकारच्याही पेशी बनवू शकणाऱ्या पेशींविषयी, बहुतेक बोलणे भविष्यकाळात चालते. अमुक अवयव तयार होईल, तमुक आजार बरा होईल. पण त्यांचा उपचारात वापर सुरू झाला तो ही पेशी कुणी ओळखण्याच्याही आधी, आणि त्यामागे होती किरणोत्साराची धास्ती.

हिरोशिमा-नागासाकीच्या स्फोटांतून वाचलेली अनेक माणसे पुढच्या काही आठवड्यांत रक्तस्राव आणि संसर्गाने गेली. किरणोत्साराने त्यांची अस्थिमज्जा नष्ट केली होती, नवे रक्त बनत नव्हते. मग दुसऱ्याची मज्जा दिली तर? अमेरिकेत डोनल थॉमस यांनी १९५७ मध्ये माणसांवरचे असे पहिले प्रयत्न प्रसिद्ध केले. ते रुग्ण वाचले नाहीत. थॉमस मात्र हटले नाहीत; १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

मज्जेतले नेमके काय काम करते, याचा धागा टोरंटोत सापडला, तोही दुसरेच काही शोधताना. जेम्स टिल भौतिकशास्त्राकडून आलेले, अर्नेस्ट मॅक्युलक डॉक्टर. पेशी किती किरणोत्सार सोसतात हे मोजण्यासाठी ते किरणोत्सार दिलेल्या उंदरांना मज्जा टोचत होते. दहाएक दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर, म्हणजे पोटातल्या पाणथरीवर, गाठी दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या बाजूला सारल्या असत्या, यांनी मोजल्या. जितक्या पेशी टोचाव्यात, त्या प्रमाणात गाठी! हे १९६१ मध्ये छापून आले. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे दोन वर्षांनी दाखवता आले. स्वतःसारख्या पेशी निर्माण करणारी आणि वेगवेगळ्या रक्तपेशींनाही जन्म देणारी पेशी आता निव्वळ कल्पना राहिली नव्हती.

उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी १९८१ मध्ये मिळाल्या, मानवी भ्रूणातून १९९८ मध्ये. त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागे, म्हणून वाद पेटला. त्यातून वाट काढली क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी. चोवीस जनुकांपासून सुरुवात करून त्यांनी २००६ मध्ये दाखवले की उंदराच्या साध्या पेशीला मागे, भ्रूणावस्थेसारख्या स्थितीत न्यायला चारच पुरतात. त्या चारांतले एक कर्करोगाशी जोडलेले होते, ही अडचण राहिलीच.

अशा मागे नेलेल्या मानवी पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर २०१४ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला. दुसऱ्या रुग्णासाठीच्या पेशींत जनुकीय बदल आढळले आणि त्याची शस्त्रक्रिया थांबवावी लागली. रक्ताच्या कर्करोगावर मज्जेचे प्रत्यारोपण मात्र तोवर कित्येक रुग्णालयांत नेहमीचे झाले होते.