पिशवीसोबत अंडाशयंही?

पुण्यात पन्नाशीच्या कुठल्याही बाईला विचारा, 'पिशवी काढलेली' एखादी जाऊ, नणंद नाहीतर शेजारीण तिच्या माहितीत असतेच. टाके किती, बिल किती, सगळं सांगून होतं. अंडाशयं ठेवली की तीही काढली, हे मात्र अनेकींना ठाऊक नसतं. डिस्चार्ज कार्डावर 'बीएसओ' लिहिलं असेल, तर दोन्हीकडच्या बीजनलिका आणि अंडाशयं गेली असं समजायचं.

अंडाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियेची सुरुवात खऱ्या निकडीतून झाली. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकीत इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड यांच्या अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली. भूल देण्याचा शोधच लागला नव्हता. तरी बाई ७८ वर्षांपर्यंत जगल्या! १८७२ पासून मात्र रॉबर्ट बॅटी धडधाकट अंडाशयं काढू लागले. पाळीच्या त्रासावर, फिटांवर, 'वेडा'वरसुद्धा हाच इलाज. बाईच्या मनाचं खापर अंडाशयावर फोडलं की काम झालं.

विसाव्या शतकात कारण बदललं. पोट उघडलंच आहे, मुलंबाळंही झाली, मग पुढे कॅन्सर नको म्हणून काढूनच टाका. हिशेब बिनतोड वाटायचा. पण अंडाशयाचं इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडं आणि हृदयही सांभाळतं. अमेरिकी नर्सेसच्या दीर्घ पाहणीतून २००९ साली दिसलं, की पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढलेल्यांत अंडाशयाचा कॅन्सर घटला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू वाढले.

मग काढायची कुणी? बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्यांनी. हे जनुक १९९४ मध्ये हाती आलं. एरवी शंभरात जेमतेम एकीला होणारा अंडाशयाचा कॅन्सर अशा शंभर जणींपैकी चाळिसेक जणींना गाठू शकतो. त्यांना मुलं झाल्यावर, पस्तीस ते चाळीसच्या दरम्यान शस्त्रक्रिया सुचवतात. आई, मावशी, आत्या यांच्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल, तर आधी जनुकीय तपासणी. शिवाय या कॅन्सरचा सर्वांत घातक प्रकार बहुधा बीजनलिकेच्या टोकाशी सुरू होतो, हे आता कळलंय. म्हणून जोखीम नसलेल्या बाईची पिशवी काढताना नलिका काढून अंडाशयं ठेवण्याकडे कल वाढतोय.

हे ज्ञान पोचतं कुठवर? बारामती-दौंडच्या उसाच्या फडांत बीडहून तोडणीला बायका येतात. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून ऐन तिशीत पिशव्या काढल्याचं उघड झालं आणि २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. अंडाशयंही गेली असतील, तर रजोनिवृत्ती तिशीतच येते. मोळी मात्र डोक्यावरच.