उडती जनुके आणि त्यांना आवरणारे छोटे आरएनए

काही जनुकीय घटक, म्हणजेच उडती जनुके, आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसतात, हे बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४०च्या दशकात मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून दाखवले. बहुतेकांना ते पचनी पडले नाही. नोबेल मिळायला १९८३ उजाडले. मानवी जीनोमचा आराखडा २००१मध्ये हाती आला, तेव्हा आपल्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग अशा घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा निघाला. आपल्या डीएनएत एकट्या लाइन-१ या उडत्या जनुकाचा वाटा सुमारे १७ टक्के. त्याच्या बहुतेक प्रती मोडक्या आहेत, उडी मारू शकतील अशा जेमतेम शंभरेक. पण तेवढ्याही पुरतात. १९९२मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एका गाठीत लाइन-१ थेट एपीसी या कर्करोगरोधक जनुकात घुसलेला सापडला. त्याच रुग्णाच्या निरोगी पेशींत तो तिथे नव्हता.

छोट्या आरएनएंचा शोध मात्र वेगळ्याच वाटेने, एका सूक्ष्म कृमीत लागला: १९९३मध्ये पहिला मायक्रोआरएनए (जनुकांच्या आरएनए प्रतींना चिकटून त्यांना आवरणारा छोटा आरएनए), १९९८मध्ये आरएनए हस्तक्षेप, म्हणजे छोट्या आरएनएंच्या मदतीने जनुके गप्प करण्याची यंत्रणा. पेशीने ही यंत्रणा कशासाठी बाळगली असावी? १९९९मध्ये उत्तराचा धागा मिळाला. ज्या कृमींत ही यंत्रणा बिघडली होती, त्यांतल्या काहींच्या जननपेशींत उडती जनुके मोकाट सुटली होती. माझ्या मते या विषयाचा खरा आरंभ इथे आहे. पुढे २००६मध्ये सस्तन प्राण्यांच्या वृषणांत पायआरएनए, म्हणजे पिवी प्रथिनांच्या जोडीने काम करणारे छोटे आरएनए, सापडले. उंदरांतली ही साथीदार पिवी प्रथिने काढून टाकली, की लाइन-१ जागा होतो आणि शुक्रजंतूंची घडण अडते.

म्हणून गाठींमध्येही पायआरएनएच पहारा देत असतील, असे अनेक जण धरून चालले. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. काही गाठींत पिवी प्रथिने दिसतात खरी, पण पायआरएनए घडवणारी बाकीची यंत्रणा तिथे सहसा अपुरी असते.

मायक्रोआरएनएंचा पुरावा अधिक भक्कम आहे. लाइन-१ उडी मारतो तो आधी स्वतःची आरएनए प्रत काढून, आणि तीच प्रत त्यांच्या हाती लागते. एमआयआर-१२८ हा मायक्रोआरएनए तिला चिकटून उडी रोखतो, हे २०१५मध्ये दिसले. लेट-७ हा आणखी एक मायक्रोआरएनए त्याच प्रतीवरून लाइन-१च्या दोन प्रथिनांपैकी दुसरे बनू देत नाही, हे २०२०मध्ये. लाइन-१च्या नव्या उड्या आढळलेल्या फुप्फुसांच्या गाठींत लेट-७चे प्रमाण कमी होते. हाच लेट-७ रास या कर्कजनुकालाही आवरतो, त्यामुळे तो घटला की पेशीवरचे दोन लगाम एकदम सैलावतात.