खपलेली यंत्रे आणि वहीतला नफा

बेळगावात शहापूरच्या एका गल्लीत वीसेक वर्षांपूर्वी एक गेम पार्लर होते. दोन टीव्ही, सोनीची दोन प्लेस्टेशन २ यंत्रे आणि तासाला दहा रुपये. शाळा सुटली की मुले दप्तरासकट दारात रांग लावत. डब्यातल्या डिस्कवर गेमची नावे मार्करने लिहिलेली असत, कारण त्या सगळ्या नकला होत्या. प्लेस्टेशन २ जगभरात पंधरा कोटींहून अधिक खपला, त्यात ही दोन यंत्रेही आली; परंतु त्यांवर शेकडो मुले खेळूनही गेमच्या विक्रीतून सोनीच्या हाती छदामही लागला नाही.

कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांच्या, धंद्यात खरी गोम इथेच आहे. यंत्रावर फारसे सुटत नाही, कित्येकदा पदरचे घालावे लागते. कमाई होते ती गेमवर, कारण दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या गेमच्या विक्रीतही कन्सोलवाल्याचा वाटा असतो. म्हणून जाणकार यंत्रामागे सरासरी किती गेम खपले ते पाहतात. प्लेस्टेशन २ साठी मार्च २०१२ पर्यंत सुमारे १५० कोटी गेम खपले होते, म्हणजे यंत्रामागे साधारण दहा.

२००६ साली अमेरिकेत प्लेस्टेशन ३ हा ४९९ आणि ५९९ डॉलरला आला, तरी तो बनवण्याचा खर्च त्याहून जास्त होता. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला सुमारे २३२ अब्ज येनचा तोटा झाला. त्याच हंगामात २५० डॉलरला आलेला निन्टेन्डो कंपनीचा ‘वी’ हा कन्सोल मात्र पहिल्यापासून नफ्यात विकला गेला. अखेरीस वी दहा कोटींवर गेला आणि प्लेस्टेशन ३ साडेआठ कोटींवर. नुसत्या खपावरून पाहिले तर दोघांत फार अंतर दिसत नाही. वह्या उघडल्या की दिसते.

शिवाय कंपन्या बहुधा दुकानांकडे रवाना झालेला माल मोजतात. बेळगावच्या रविवार पेठेतून खानापूरला गेलेली पोती व्यापाऱ्याच्या लेखी विकली गेलेली असतात, मग ती तिथल्या दुकानात महिनाभर पडून का राहिनात; कन्सोलचेही तसेच.

मायक्रोसॉफ्टने तर २०१५ मध्ये आपल्या एक्सबॉक्स या कन्सोलच्या विक्रीचे आकडे देणेच थांबवले आणि महिन्याभरात किती जण ऑनलाइन सेवा वापरतात, हे माप पुढे केले. पिछाडीवर असताना माप बदललेले सोयीचेच पडते, हे खरे. पण केवळ पळवाट म्हणून ते सोडूनही देता येत नाही, कारण वापरणारा माणूसच पुढचा गेम विकत घेतो. शहापूरच्या यंत्रांना मात्र इंटरनेटच नव्हते, त्यामुळे दारात रांग लावणारी ती मुले या मापातही बसली नसती.